पंधराशे सत्तावन्नची बाई

माणसाला एखादा छंद असावा असं जो उठता-बसता सांगतो, त्याला स्वतःला बहुधा छंद नसतो. ज्याला असतो तो गप्प बसतो. छंद, कर्ज आणि मूळव्याध या तीन गोष्टी सभ्य माणूस चारचौघांत काढत नाही. मीही आजवर काढल्या नव्हत्या. पण मध्यंतरी आमच्या शिरूरच्या शाखेत, भर सोमवारी, पेन्शनरांच्या रांगेदेखत आमच्याच गल्लीतल्या एका खातेदाराने मला विचारलं, "काय हो, तुम्ही रोज रात्री गच्चीवर अंधारात कुणाशी बोलता?"

रांग गप्प झाली. शेजारच्या काउंटरवरच्या बाईंनी नोटा मोजायचं यंत्र थांबवलं.

"बोलत नाही हो. ऐकतो," मी म्हणालो.

"कुणाचं?"

"बँकॉकचं."

मी आपलं खरं ते सांगितलं आणि तिथंच चुकलं. बँकॉक हा शब्द आपल्याकडे रेडिओच्या संदर्भात फारसा कुणी वापरत नाही. त्या दिवसापासून आमचे साहेब माझ्याकडे थोड्या आदराने आणि बाई थोड्या संशयाने पाहतात. तेव्हा आता सगळं सांगूनच टाकलेलं बरं.

मला रात्री-अपरात्री मिडियम वेव्हवर परदेशची केंद्रं धुंडाळायचा नाद आहे. रेडिओ कानाशी धरायचा, काटा म्हणा की आकडा म्हणा, एकेक घर पुढे सरकवायचा आणि खरखरीच्या पाठीमागे कुणी माणूस बोलतोय का ते बघायचं. बोलत असला तर तो कोण, कुठला, हे ओळखायचं. बस्स, एवढंच. "अहो, पण हे सगळं आता मोबाईलवर मिळतं की!" असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांनी प्रत्येकी एक रुपया माझ्या खात्यात भरला असता तर मी स्वेच्छानिवृत्ती घेतली असती. मिळतं, मला ठाऊक आहे. बोरंही बाजारात किलोने मिळतात. म्हणून बांधावरच्या बोरीला दगड मारायचा कुणी थांबलाय का?

आता परदेशचं केंद्र ऐकणं ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी मंत्री झाले. मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे भोक्ते. सिनेमातली गाणी त्यांना खपेनात, म्हणून आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवून सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथं अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, आणि पुढे १९५७ साली सरकारला विविध भारती काढून आपली माणसं परत बोलवावी लागली. पण सिलोन यायचं ते शॉर्टवेव्हवर, आणि शॉर्टवेव्ह मुळातच लांब जाण्यासाठी असते. मिडियम वेव्ह तशी नव्हे. ती आपल्या पंचक्रोशीसाठी. पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झचं केंद्र कशासाठी, तर जिल्ह्यातल्या माणसाला बातम्या आणि बाजारभाव कळावेत म्हणून. अशी मिडियम वेव्ह बँकॉकहून निघून दौंडला पोचते, म्हणजे शिरूर आगाराची न्हावरा मुक्कामी एस.टी. एखाद्या रात्री कुणाला न सांगता कोलंबोला जाऊन आली, असं समजा. गंमत आहे ती त्या न सांगता जाण्यात.

जाते कशी, तर अंधारामुळे. दिवसा उन्हाच्या जोरावर जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर विद्युतभारित हवेचा एक थर तयार होतो. त्याला डी थर म्हणतात. तो मिडियम वेव्ह वर जाऊ देत नाही, मध्येच पिऊन टाकतो. सूर्य बुडाला की हा थर विरतो, लहरी आणखी वरच्या थरांपर्यंत पोचतात आणि तिथं आपटून शेकडो कोसांवर खाली येतात. म्हणजे इथं आणि तिथं, आणि मधल्या वाटेवरही, अंधार हवा. पूर्वेला दिवस आधी मावळतो, म्हणून संध्याकाळी दिवेलागणीला पूर्वेकडची केंद्रं लागतात. पहाटे आपल्याकडे तांबडं फुटायच्या बेताला पश्चिमेकडे अजून काळोख असतो, तेव्हा आखातातली मंडळी ऐकू येतात. थंडीत चांगलं लागतं. वळवाच्या दिवसांत मात्र कुठे नगरकडे वीज चमकली तरी इथं कानात फुटाणे फुटतात. ही माहिती मी एकदा जेवताना घरात सविस्तर सांगितली होती. "म्हणजे संध्याकाळही गेली आणि पहाटही गेली," एवढंच आमच्या सौभाग्यवतींनी त्यातून घेतलं.

पण मी मूळचा कॉमर्सचा. मला या प्रकरणात ओढलं ते विज्ञानाने नव्हे, नऊ या आकड्याने. आपल्या भागात मिडियम वेव्हची केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत. जिनिव्हाला १९७५ साली तशी योजना ठरली आणि २३ नोव्हेंबर १९७८ पासून ती अमलात आली. ५३१ पासून १६०२ पर्यंत बरोबर १२० घरं, आणि प्रत्येक घराच्या आकड्याला नऊने भाग जातो. पुणे ७९२, मुंबई १०४४, नागपूर १५६६. अंकांची बेरीज करून बघा, नऊ किंवा अठरा. आता हिशेब लिहिणाऱ्या माणसाला नऊ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. तेरीज जुळत नाही, आणि फरकाला नऊने भाग जातो, म्हणजे कुणीतरी दोन आकडे उलटेपालटे लिहिलेत. ५४ चे ४५ केलेत. हे आम्हाला कॉलेजात शिकवलं आणि बँकेत जुन्या हेडक्लार्कांनी पुन्हा शिकवलं. हल्ली सगळं संगणक जुळवतो, पण सवय जात नाही. रस्त्याने जाताना मोटारींच्या नंबरांनाही मी नऊने भागून बघतो. हा काही छंद नव्हे, हा आजार आहे.

या छंदाचं मूळ मात्र दौंडचं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गार्ड होते. २०२२ साली रेल्वेने गार्ड हे नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. "बघ, घरी बसून प्रमोशन मिळालं," म्हणाले. दौंड जंक्शनजवळच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. माझे धाकटे काका कुवेतला एका गॅरेजात कामाला होते. त्यांच्या पत्रांपेक्षा त्यांच्याकडून येणाऱ्या साबणाच्या वड्यांची वाट आम्ही जास्त बघत असू. आणि २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं.

मी दहा वर्षांचा होतो. पत्रं थांबली, फोन लागेना. तसा आमच्याकडे फोन नव्हताच. स्टेशनच्या फोनवरूनही लागेना, एवढं मला आठवतं. अण्णा ड्यूटीवरून आले की हातपाय न धुता मर्फीचा जुना रेडिओ उघडून बसायचे. आधी सगळ्या बातम्या. मग रात्री नवाच्या पुढे काटा अगदी डाव्या टोकाला न्यायचा. काकांनी मागे एकदा पत्रात लिहिलं होतं, की आमचं इथलं स्टेशन ५४० वर आहे, दौंडला लागतं का बघा. तिथं काचेवर अण्णांनी आईच्या करंड्यातल्या कुंकवाचा ठिपका लावला होता. त्या ठिपक्यावर काटा आणायचा आणि ऐकत राहायचं. कधी नुसती खरखर. कधी खूप लांबून कुणीतरी अरबी बोलायचं. ते कुवेतचं की बगदादचं की आणखी कुठलं, हे कळायला आम्हाला मार्ग नव्हता. अण्णांना अरबीचं एक अक्षर येत नव्हतं. आई एकदा म्हणाली, "कळत नाही ते ऐकून काय मिळतं?" अण्णा म्हणाले, "माणूस बोलतोय ना? म्हणजे गाव शिल्लक आहे."

आई पुन्हा काही बोलली नाही. रोज रात्री काचेवरचं कुंकू मात्र तीच नीट करायची.

त्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर एअर इंडियाने अम्मानहून सुमारे एक लाख सत्तर हजार माणसं परत आणली. त्यांतले एक आमचे काका. वाळवंटातून बसने अम्मानपर्यंत, तिथं आठ-दहा दिवस तंबूत, मग विमानाने मुंबई आणि मुंबईहून पॅसेंजरने दौंड. अंगावरच्या कपड्यांखेरीज एक पिशवी. पिशवीत आयुष्याची कमाई म्हणून कुवेती दिनार, ज्यांना तेव्हा कुणी विचारत नव्हतं, आणि टॉवेलात गुंडाळलेला एक जपानी रेडिओ. काट्याऐवजी आकडे दाखवणारा. "दादा, हा तुला," म्हणाले आणि मग बसून रडले. काका रडलेले मी तेवढे एकदाच पाहिले. एरवी हा माणूस म्हणजे निव्वळ टवाळ. दौंडात पुढे त्यांनी स्पेअर पार्टचं दुकान टाकलं, ते जिभेच्या जोरावर चालवलं.

आता अण्णांना रात्री रेडिओ लावायचं काही कारण उरलं नव्हतं. भाऊ घरात होता. पण कारण संपलं म्हणून सवय संपते असं कुठे आहे? ते त्या नव्या रेडिओवर एकेक घर फिरू लागले. एक वही केली. तारीख, वेळ, आकडा, काय ऐकलं. गार्डाचा शिरस्ता, गाडी कुठून किती वाजता सुटली हे लिहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मी बॅटरी धरून शेजारी. त्याच डिसेंबरात एका संध्याकाळी अण्णा एकदम ताठ झाले. रेडिओ कानाला घट्ट लावला. बराच वेळ ऐकून हळूच म्हणाले, "बाई गातेय. पेटी नाही, तबला नाही. काय गातेय!" तेवढ्यात चार-सहा मिनिटांत ते विरलं. दुसऱ्या दिवशी लागलं नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आकडा मात्र वहीत पडला होता: १५५७.

झालं. काकांच्या हाती कोलीत मिळालं. "आमच्या दादाला रोज संध्याकाळी एक बाई गाऊन दाखवते," हे पहिल्यांदा दुकानात, मग यार्डात, मग सगळ्या रेल्वे कॉलनीत. अण्णा ड्यूटीला निघाले की ड्रायव्हर विचारायचा, "काय गार्डसाहेब, काल लागली का?" आईनेही तो शब्द उचलला. अण्णा जरा कुठं विचारात दिसले की तिचं ठरलेलं: "बसा, आठवा तुमची ती बाई!" आमच्याकडे लग्नकार्यात नव्या सुनेला सासऱ्यांची ओळख करून देताना ही गोष्ट सांगायची पद्धत आहे. आमच्या हिलाही ती सांगितली गेली. अण्णा नुसते हसतात. कधी खुलासा नाही, वाद नाही.

पुढे मी बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, शिरूरला घर केलं. पहिल्या बोनसात चांगला चिनी बनावटीचा टेकसन रेडिओ घेतला, तो मुळात एकाच कामासाठी. ती बाई शोधायची. बापाचं नाव नऊने भाग जाणाऱ्या एका आकड्यावर अडकलेलं, आणि मुलगा कॉमर्स ग्रॅज्युएट!

शिरूर या कामाला झकास. इथं रेल्वे नाही. शिरूरकरांना त्याचं पिढ्यान्‌पिढ्या दुःख आहे, मला आनंद. दौंडला आता डोक्यावरून विजेच्या गाड्यांची तार गेली. पंचवीस हजार व्होल्ट. गाडी जवळ आली की रेडिओ भाजणीच्या खमंग चकलीसारखा कुरकुरतो. अण्णांसमोर हे बोलायची सोय नाही. "रेल्वेच्या लाईनला नॉईज म्हणायचं नाही," म्हणतात.

पण शिरूरलाही घरातच वैरी. एल.ई.डी.चे दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, टीव्हीवरचा डबा, चिरंजीवांचं ते वायफाय. दिसायला गरीब, पण रेडिओच्या दृष्टीने सगळे बोंबलभिके. प्रत्येकाची वेगळी शीळ, वेगळा गुरगुराट. त्यामुळे माझी अवस्था अशी, की दिवे गेले की अख्खं शिरूर कपाळाला हात लावतं आणि मी जिना चढत असतो. सगळीकडे अंधार, बायका मेणबत्त्या शोधतायत, आणि वर गच्चीत एक इसम आनंदाने कानाशी काही धरून बसलाय. गल्लीतल्या खातेदाराला संशय आला त्यात त्याची चूक नाही. एकदा तर दिवे आले तेव्हा मी "अरेरे!" म्हणालो, ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

मग मी एका पुस्तकात बेव्हरेज अँटेना वाचली. हॅरॉल्ड बेव्हरेज नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने शंभर वर्षांपूर्वी ती काढली. जमिनीपासून थोड्या उंचीवर, ज्या दिशेचं ऐकायचं त्या दिशेने सरळ शे-दोनशे मीटर तार सोडायची, बाकी काही नाही. फिनलंडच्या उत्तरेला लेमेनयोकी म्हणून जागा आहे. तिथं आमचे समानधर्मी हिवाळ्यात बर्फात जाऊन राहतात आणि जंगलात एकेक किलोमीटर तारा टाकून आशियातली केंद्रं पकडतात. "मला एक बेव्हरेज करायचंय, तुझ्या रानात करू का?" असं मी न्हावऱ्याच्या मेव्हण्याला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "या की दाजी, त्याला विचारायचं काय, मी पण आहे." गेल्यावर पाहतो तर त्याने उसाच्या कडेला चटई, भाजलेले शेंगदाणे आणि दोन ग्लास मांडून ठेवलेले. पिशवीतून तारेचं भेंडोळं निघालेलं पाहून त्याचा चेहरा जो उतरला, तो अजून पुरता चढलेला नाही.

तार आम्ही बांधाबांधाने पूर्वेकडे नेली. बांबूच्या खुंट्या, दोनशे मीटर. अंधार पडायला लागला तसा पलीकडच्या रानातून त्याचा चुलतभाऊ आला. त्याला वाटलं, मोजणी चाललीय. बांधाचा वाद दोघांच्या आज्यापासूनचा. तो कोर्टाचा कागद आणायला घरी पळाला. तेवढ्यात वायरमन आला. त्याला वाटलं, आकडा टाकलाय. "ही तार कुठे जोडलीय?" "कुठेच नाही." "मग टाकलीय कशाला?" या प्रश्नाला जगात कुठल्याही भाषेत पटेल असं उत्तर नाही. मी "बँकॉकसाठी" म्हणणार होतो, पण आता शहाणा झालोय. तिसरे आले ते गावातले दोघे-चौघे, त्यांना वाटलं बिबट्यासाठी सापळा. आमच्या शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्या ही काही कथा-कादंबरीतली गोष्ट नव्हे. ही मंडळी मात्र समजूतदार निघाली. "रेडिओ मोठ्याने लावा म्हणजे झालं. जनावर आवाजाला लांब राहतं," म्हणाले. मी अत्यंत बारीक आवाज ऐकायला आलो होतो. ते गेल्यावर ऊस सळसळला, आणि पुढची पाच मिनिटं मी काय ऐकलं त्याची नोंद वहीत नाही.

त्या रात्री १५५७ वर खरखरीशिवाय काही लागलं नाही. पण दोन घरं वर, १५७५ वर, बँकॉक असं खणखणीत आलं, की उसात कुणी उभं राहून बोलावं. व्हॉइस ऑफ अमेरिकाचं तिथं दहा लाख वॅटचं प्रक्षेपण केंद्र होतं. ते मी पूर्वीपासून ऐकत होतो. दिवेलागणीला बँकॉक यायचं आणि रात्र चढली की त्याच आकड्यावर आखातातून फारसी रेडिओ फर्दा त्याला दाबून टाकायचं. मी नेहमीप्रमाणे ऐकल्याची नोंद केली आणि पुन्हा १५५७ ला गेलो. डोळ्यांवर झापड असलेला बैल आणि मी, दोघांची चाल एक.

आमच्या या धंद्यात पुराव्याला महत्त्व आहे. एखादं केंद्र ऐकलं की त्यांना पत्र लिहायचं: अमुक तारखेला, अमुक वाजता, तुमच्याकडे हे हे लागलं होतं, आवाज असा होता. पटलं तर ते पोचपावतीचं कार्ड पाठवतात. क्यूएसएल म्हणतात त्याला. माझी पत्रं सवयीने 'उपरोक्त विषयास अनुसरून' या धर्तीची इंग्रजीत जातात, तरी अकरा कार्डं आली आहेत. कार्ड म्हणजे व्हाउचर. व्हाउचर नसेल ती नोंद मी वहीच्या मागच्या पानावर ठेवतो. बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात पडते, तसं. त्या पानावर पहिलीच नोंद: १५५७, बाई.

आणि सस्पेन्स खातं मिटवायला आता वेळही थोडा उरलाय. नागपूरचं १५६६ वरचं दहा लाख वॅटचं राष्ट्रीय प्रसारण १९८८ साली मोठ्या थाटात सुरू झालं होतं. २०१९ च्या सुरुवातीला ते बंद पडलं. बीबीसी हिंदी २०२० च्या जानेवारीअखेर रेडिओवरून गेली. मार्च २०२५ मध्ये सरकारी आदेशाने व्हॉइस ऑफ अमेरिकाचं बहुतेक प्रक्षेपण थांबलं. तेव्हापासून बँकॉक मला एकदाही लागलेलं नाही. लोक ऐकेनासे झाले इथवर ठीक होतं. आता बोलणारेच उठून चालले.

गेल्या दिवाळीत दौंडला गेलो. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी मी पारगाव-चौफुल्यावरून फटफटीने जातोच, पण दिवाळीचा मुक्काम मोठा. अण्णा आता शहात्तर वर्षांचे. कानाला यंत्र लागलंय, ते रेडिओजवळ नेलं की शीळ घालतं, म्हणून रेडिओ ऐकताना ते काढून ठेवतात, म्हणजे मग ऐकूच येत नाही. पण घराचा हिशेब अजून रोज लिहितात. त्या दिवशी तो जुळेना. एकशे ऐंशी रुपयांचा फरक. माझे कान टवकारले. एकशे ऐंशी! भाग जातो! मी वही ओढून घेतली आणि दहा मिनिटांत पकडलं. विम्याचा हप्ता २,७५०, लिहिलाय २,५७०. पंचाहत्तरचे सत्तावन्न. मी विजयी मुद्रेने म्हणालो, "अण्णा, आकडे उलटे पडलेत. वय झालं तुमचं."

अण्णांनी चष्मा वर केला. "अक्षर बघ कुणाचं आहे."

अक्षर माझं होतं. मागच्या खेपेला त्यांचा चष्मा दुरुस्तीला होता, म्हणून चार नोंदी मी केल्या होत्या.

"तुझं सत्तावन्न आणि पंचाहत्तर लहानपणापासून असंच," अण्णा म्हणाले आणि चहाला वळले.

मी कपाटावरची ट्रंक काढली. तळाशी, काकांच्या त्या जपानी रेडिओच्या पट्ट्याखाली, वही होती. पानं पिवळी, डिसेंबर १९९० चं पान शोधलं. बॅटरीच्या उजेडात लिहिलेली ओळ, शाळकरी गोल अक्षर, सात आकड्याची शेपटी अजूनही मी काढतो तशीच उजवीकडे वळलेली. 'सायं. ७-१०. १५५७. बाई गाते. वाद्ये नाहीत.' अण्णा अंधारात रेडिओ कानाला लावून सांगत होते आणि मी लिहीत होतो. बॅटरी धरली होती हे मला पक्कं आठवत होतं. पेन्सिलही माझ्याच हातात होती, हे मी सोयीस्कर विसरलो होतो. आणि १५५७ काय, १५७५ काय, अंकांची बेरीज दोन्हींची अठरा. म्हणजे ज्या नऊच्या चाळणीवर मी एवढा भरवसा ठेवला, तिच्यातून माझी चूक पस्तीस वर्षं बिनबोभाट खाली पडत राहिली.

मग ती वाद्यं नसलेलं गाणं. बँकॉकहून थाई, बर्मी, लाओ, व्हिएतनामी अशा भाषांत कार्यक्रम व्हायचे, आणि या सगळ्या सुरांच्या भाषा. थाईत तर पाच सूर आहेत. सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. मी त्या बाया शंभर वेळा ऐकल्यात. तेव्हा ती बाई बहुधा गातच नव्हती. बातम्या देत होती. व्हाउचर नाही, हे मी कबूल करतो. पण ज्या नोंदीचा धनी इतका उघड दिसतो ती सस्पेन्समध्ये किती दिवस ठेवायची?

"अण्णा, हे पंचाहत्तर होतं," मी त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणालो. "तुम्ही पंचाहत्तर सांगितलंत. मी चुकलो."

"हो," अण्णा म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सकाळीच दिसलं होतं वहीत."

"मग काटलं का नाही? काका एवढं बोलत होते, सगळी कॉलनी हसत होती..."

"तुझी पहिली वही होती," अण्णा म्हणाले. "खाडाखोड केली असती तर तू पुन्हा धरली नसतीस." आणि मग बशीतला चहा संपवून, "शिवाय काका हसत होता. कुवेतहून आल्यापासून पहिल्यांदा."

बँकेत चूक दुरुस्त करायची एक रीत आहे. खोडायचं नाही, गिरवायचं नाही. एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, आणि ज्याने केलं त्याची आणि ज्याने तपासलं त्याची, दोन सह्या. मी रेघ मारली, वर १५७५ लिहिलं, तीनदा वाचून पाहिलं आणि सही केली. अण्णांनी वही हातभर लांब धरली, आपली रेल्वेतली तिरकी आद्याक्षरं टाकली आणि वेळ घातली, सायं. ६-५५. गार्ड वेळ घातल्याशिवाय सही करत नाही.

पाच मिनिटांनी दिवे गेले. दौंडात सगळीकडून एकदम "अरे!" झालं. अण्णांनी काही न बोलता ट्रंकेतला तो जपानी रेडिओ पुढे केला, मी माझ्या टेकसनमधले सेल काढून त्यात घातले, आणि आम्ही मागच्या ओट्यावर जाऊन बसलो. रेडिओ लागला, हे एक आश्चर्य. १५७५ वर आणला. खरखर. लांब कुठेतरी मालगाडी कपलिंगचे धक्के देत होती. अण्णांनी यंत्र काढून खिशात टाकलं आणि रेडिओ हातात घेऊन कानाला घट्ट लावला. त्यांना काही ऐकू येणं शक्य नव्हतं. मला येत होतं, आणि तिथं काही नव्हतं. मी घड्याळ पाहिलं. सात-दहा.

आतून मेणबत्ती घेऊन आई आली. दारातच थांबली.

"लागली का तुमची बाई?"

अण्णांनी हात वर करून तिला गप्प केलं. मग रेडिओ खाली ठेवत म्हणाले, "लागत होती. तू बोललीस."